कैलाशच्या हातातलं घड्याळ

हे खरं घडलेलं आहे. ज्यांच्या घरी घडलं, ती दोघं आजही आंधळगावात राहतात.

आणि वेळ रात्रीची नव्हती… भर दुपारची होती. कैलाशच्या वर्षश्राद्धाची दुपार.

कैलाश हा जागेश्वर आणि पुष्पाबाईचा एकुलता मुलगा. नागपूरला अतुलशेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता. शेठला महागड्या घड्याळांचा नाद. एकदा कैलाशने त्यांचा जीव वाचवला, तेव्हा शेठने मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. तसली साऱ्या जगात पन्नासच होती म्हणे.

पुढे कैलाश साकोलीला मित्राच्या लग्नाला गेला. तिथून गावाकडे निघाला, तर एसटी चुकली. पुढच्या फाट्यापर्यंत पायीच निघाला…

मागून ट्रक आला.

घड्याळावर ओरखडाही नव्हता.

पुष्पाबाईने ते पितळी डब्यात, तांदळात ठेवलं. डब्याला कान लावला की आवाज यायचा.

टिक… टिक…

तेवढ्यावर तिने वर्ष काढलं.

श्राद्धाची जेवणं उरकली. शेठ आले होते. त्यांनी घड्याळ पाहायला मागितलं. जागेश्वरने डबा उघडला.

"सेल मोठा दमदार हाय जी, शेठ. सालभर बदलाची पाळी नाही आली."

शेठ हसले. "काकाजी, याला सेल नसतो. हातावर असलं, हात हलला, की चालतं. काढून ठेवलं तर दोन दिवसांत बंद. घालतं कोण?"

"कोणीच नाही."

शेठचं हसू तिथेच राहिलं.

त्यांनी घड्याळ उलटं करून खाटेवर ठेवलं. मागच्या काचेतून आत अर्धचंद्रासारखी पट्टी दिसत होती. हात हलला की तीच हलते, असं ते म्हणाले.

खाट हलत नव्हती. घड्याळ हलत नव्हतं.

पट्टी मात्र… मागे, पुढे. मागे, पुढे.

चालणाऱ्या माणसाचा हात हलावा तशी.

शेठ चहा न घेताच गेले.

पुष्पाबाई रडली नाही. भिंतीला टेकून एवढंच म्हणाली, "अजी… म्हंजे पोरगं सालभर चालूनच राहिलं काय?"

जागेश्वरने घड्याळ उचललं. स्वतःच्या मनगटावर बांधलं.

"आता मी चालवतो याले. बसू दे त्याले."

रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो शेतातल्या बांधीत धानाच्या रोपांच्या पेंढ्या फेकत होता. हाताला उसंत नव्हती. बांधावरून शेजारचा सेवकराम ओरडला, "काहून भाऊ, चिखलात घड्याळ? नवरदेव होऊन राहिला काय? टाइम तरी सांग!"

जागेश्वरने पाहिलं.

काटे थांबले होते.

त्याने हात झटकला. कानाशी नेला.

काही नाही…

घरी येऊन त्याने ते काढलं आणि तांदळात ठेवलं. बोटं बाहेर येतात न येतात तोच…

टिक… टिक…

पुष्पाबाईने ऐकलं. झाकण लावलं. "तुमच्या हातानं नाही बसत जी तो," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

डबा अजून तिथेच आहे. ती आता त्याला कान लावत नाही.

जागेश्वर बांधावरून चालता चालता मधेच थांबतो. आपल्या हाताकडे बघतो. हात हलताना दिसतो…

तरी दुसऱ्या हाताने तो मनगट धरून नाडी बघतो. बराच वेळ.