दोन पाट्या शिंपा

बारा खाड्यांत कालवांची, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांची, नवी जात सोडण्याच्या पत्रावर सही केली की डॉ. हेमांगी पेडणेकरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. त्या जातीला त्यांचं नाव. संस्थेचं संचालकपद, ज्याची खुर्ची त्यांनी मनातल्या मनात खिडकीकडे वळवूनही ठेवली होती. आणि तिसरी, सगळ्यांत गोड: प्राध्यापक विश्राम सारंगांचं तोंड बंद होणं. सागररसायनाचे हे गृहस्थ अकरा वर्षं प्रत्येक बैठकीत एकच वाक्य म्हणत आले होते, "आम्ल नाहीसं होत नसतं, हेमांगीबाई. ते फक्त जागा बदलतं."

आज तेच सारंग आडवण खाडीकाठच्या प्रयोगशाळेत तपासणीला आले होते. सहीआधी एका परक्या तज्ज्ञाची नजर फिरायला हवी असा नियम होता, आणि नियमानं नेमकं त्यांनाच शोधून काढलं होतं.

"आधी हे बघा," हेमांगीबाई म्हणाल्या आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

सारंगांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. एका थेंबात चाळीसेक जीव गरगरत होते. कालवाची एक दिवसाची पिल्लं. प्रत्येकाच्या पाठीवर नखाच्या कडेहूनही पातळ, काचेसारखी शिंप चढत होती. बघता बघता एकीची कड पुढे सरकली. समुद्रातून काहीतरी उचलून त्या जिवानं घर एका केसाच्या शंभराव्या भागाइतकं वाढवलं होतं. त्याला डोळे नव्हते, मेंदू नव्हता, आणि काम मात्र असं की सारंगांनी नकळत श्वास रोखला.

"किती वेळ मिळतो यांना?"

"दोन दिवस. अंड्यातून शिदोरी म्हणून जो बलक मिळतो तो तेवढाच पुरतो. तेवढ्यात शिंप झाली तर जगलं. पूर्वी सहज व्हायची. मग समुद्र धुराड्यांचा कार्बन डायऑक्साइड पीत गेला, पाणी आम्लाकडे झुकलं, आणि आडवणची कालवं संपली. शिंप घडवताना पिल्लाच्या कवचाखाली आम्ल साचतं, ते बाहेर उपसावं लागतं. पाण्यातच आम्ल जास्त असलं की उपसता उपसता शिदोरी संपते. फुटक्या होडीत बसून पाणी उपसणाऱ्या माणसानं मासे कधी पकडायचे?"

"आणि तुम्ही काय केलंत?"

"होडीत दुप्पट उपसणारे बसवले. पिल्लाच्या त्वचेत आम्ल बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात. या जातीत ते दुप्पट आहेत, आणि निम्म्या खर्चात चालतात. शंभरातली ब्याण्णव पिल्लं जगतात. पूर्वी तीन जगत होती."

"आणि उपसलेलं पडतं कुठे?"

"समुद्रात. समुद्र मोठा आहे, सर."

"समुद्र मोठा आहे," सारंग म्हणाले. "खाडी लहान आहे."

हेमांगीबाई हसल्या. या प्रश्नाची त्या वाटच बघत होत्या. त्यांनी जाड वही उघडून पुढे केली. सात वर्षं त्याच टाक्यांत, त्याच पाण्यात, कालवांच्या शेजारी कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिल्लं वाढवली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती: शेजाऱ्यांवर परिणाम नाही.

सारंगांनी पानं उलटली. काही सापडेना. तोंड बंद होण्याच्या बेतात असताना दार ढकलून सुलभा खवणेकरीण आत आली. डोक्यावर पाटी, त्यावर दुसरी पाटी, हातात बादली. आडवणात कालवं होती तेव्हा ती कालवं काढायची, ती संपल्यावर कुर्ल्या पकडायची, आणि मधल्या वेळात प्रयोगशाळेला जुन्या शिंपा पुरवायची.

"मॅडमबाय, ह्यो तुमच्यो दोन पाट्यो. आणि ह्यो माझ्यो कुर्ल्यो. बोट लावन बघा."

हेमांगीबाईंनी बादलीतल्या कुर्लीच्या पाठीवर बोट टेकलं. पाठ दबली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

"कात टाकली असेल नुकतीच."

"आठ दिस झाले! पयल्यान कात टाकली काय चार भरत्यांत दगड व्हायची. आता मऊ ती मऊच. भांगाचे दिस इले, खाडीचा पाणी थांबला, काय तांबोशी मासो येता नि गपागप खाता. गेल्या वर्सापास्ना असाच. तुमची कालवां तेवढी माझ्या घोवाच्या डोक्यासारखी टणक."

सारंग हसले, मग थांबले. "गेल्या वर्षापासून? हेमांगीबाई, खाडीत जात सोडून किती झालं?"

"दोन वर्षं." त्यांचा आवाज जरा वर गेला. "पण टाकीत नाही ना असं झालं! तेच पाणी, तीच कालवं, त्याच कुर्ल्या. सात वर्षं!"

"तांच्यात एक सांगा माका," सुलभा पाट्या जमिनीवर ठेवत म्हणाली, "ही तुमची टाकी शिंपा खाता काय? दर म्हयन्याक दोन पाट्यो घालतंय, दर म्हयन्याक तळ दिसता."

खोलीतल्या दोन विद्वानांनी एकमेकांकडे पाहिलं.

"शिंपा कशाला लागतात?" सारंगांनी हळूच विचारलं.

"गाळणीला. पाणी त्यातून फिरतं, घाण अडते. सगळेच वापरतात. झिजतात त्या, म्हणून भर घालतो."

"झिजतात की विरघळतात?"

हेमांगीबाई उठल्या. त्यांनी कपाट उघडलं. टाकीत नव्या कालवांच्या शिंपा महिन्याला किती वाढल्या, हे संशोधनाच्या जाड वहीत होतं. गाळणीत किती शिंपा भरल्या, हे किरकोळ सामानाच्या पातळ वहीत, झाडू आणि साबणाच्या ओळींखाली. मोठ्या वहीच्या माणसांनी किरकोळ वही उघडायची नसते. त्यामुळे सात वर्षं या दोन वह्या एका टेबलावर आल्या नव्हत्या.

आता आल्या. हेमांगीबाई एका वहीतून आकडा वाचत, सारंग दुसरीतून. चैत्र महिन्यात नव्या शिंपा वाढल्या सदतीस किलो. गाळणीतल्या गेल्या सदतीस. वैशाखात एकोणचाळीस. गेल्या चाळीस. पावसाळ्यात वाढ मंदावली तशी गाळणीची भूकही मंदावली होती; पाट्या दोनच, पण अर्ध्या भरलेल्या. दहाव्या महिन्यानंतर सारंगांनी वाचणं थांबवलं. पुढचे आकडे दोघांनाही वाचल्याशिवाय कळत होते.

"एक शिंप घडली की तिच्या मापाचं आम्ल बाहेर पडतं," ते म्हणाले. "आणि एक शिंप विरघळली की तेवढंच आम्ल गिळते. वजनाला वजन. तुमची पिल्लं आम्ल फेकत होती आणि मेलेल्या शिंपा ते झेलत होत्या. म्हणून कुर्ल्या वाचल्या."

"म्हणजे सात वर्षांत मी नवीन काही केलंच नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "मेलेल्यांच्या पाठीवरची शिंप काढून जिवंतांच्या पाठीवर चढवली."

"ते काय थोडं आहे?" सारंग म्हणाले, आणि ते चिडवत नव्हते. अकरा वर्षं राखून ठेवलेलं वाक्य आज खरं ठरलं होतं, आणि नेमकं ते त्यांच्या तोंडून निघेना. त्यांचे डोळे परत सूक्ष्मदर्शकाकडे वळले होते. तिथं काचेची कड अजून पुढे सरकत होती.

"खाडीत गाळणी नव्हती," हेमांगीबाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या.

"होती की," सुलभा म्हणाली.

"कुठे?"

"खडपार, खाडीच्या तोंडाकडल्या खडकार. कालवां काढूची म्हणजे कोयतीन फोडूची, आतला मांस घेवचा, शिंपा थंयच सोडूची. माझ्या आवशीन तसाच केल्यान, तिच्या आवशीन तसाच. वर कोण व्हायत ओझा? ढीग असो पांढरो, की रात्रीचो दिव्याशिवाय दिसा. मगे तुम्ही थयल्योच शिंपा मागूक लागल्यात, नि दोन वर्सांमागे सांगितल्यात, खडप खरवडून साफ करा, नवी कालवां बसवची हत. नि उरल्यो शिंपा टाकू नका, आमच्या गाळणीक आणा." तिनं पायानं पाटी सरकवली. "तीच ही."

 पिढ्यान् पिढ्या बायांनी ओझं नको म्हणून खडकावर सोडलेल्या शिंपा खाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि पाणी आंबट झालं तसं कण कण झिजून कुर्लीच्या प्रत्येक पिल्लाला पाठ घट्ट करायला वेळ देत होत्या. ते कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं. हेमांगीबाईंनी तो ढीग उचलून नेमका अशा ठिकाणी नेला होता जिथं त्याच्यामुळे प्रयोग यशस्वी दिसेल. आणि नवी कालवं शिंपेसकट शहरातल्या हॉटेलांत जात होती. तिथून एकही शिंप परत येत नव्हती.

टेबलावर बारा खाड्यांचं पत्र होतं. हेमांगीबाईंनी पेन उघडलं. जातीच्या नावाच्या जागी लिहिलेलं स्वतःचं नाव त्यांनी खोडलं. बारा या आकड्यावर काट मारून शून्य केलं. मग खाली एक अट लिहिली: आडवणातून जितकं वजन शिंपांचं बाहेर जाईल, तितकं परत खडपावर आल्याशिवाय एकही पिल्लू कुठल्याही खाडीत सोडू नये.

"खुर्ची गेली," सारंग म्हणाले.

"खिडकीकडे वारा फार येतो," त्या म्हणाल्या आणि पाटीला हात घातला.

"गे बाय, तुका झेपाचा नाय!" सुलभा ओरडली. पण पाटी डोक्यावर गेली होती, तिरकी का होईना. दुसरी सुलभानं घेतली. सारंगांच्या हाती कुर्ल्यांची बादली आली.

ओहोटीला खडप उघडं पडलं होतं, खरवडलेलं आणि काळंभोर. दोघींनी पाट्या उपड्या केल्या. एक शिंप हेमांगीबाईंच्या पायाशी घरंगळली. तिच्या कडेला कोयतीची खाच होती, कुणा बाईच्या हाताची, जिचं नाव आता खाडीतल्या कुणालाच आठवणार नव्हतं. त्यांनी ती उचलून पाण्याच्या अगदी जवळ ठेवली. सारंगांनी बादली कलती केली आणि मऊ पाठीच्या कुर्ल्या चाचपडत त्या पांढऱ्या सांदींत शिरल्या.

खाडीनं सात वर्षांत दिल्या होत्या एकशे अडुसष्ट पाट्या. आज परत आल्या दोन. उरलेल्या एकशे सहासष्ट पाट्यांचं देणं कुर्ल्यांनी आपल्या पाठीवरून फेडलं होतं.