हौसाचा मंगळवार

डॉक्टर पद्मजाबाईंच्या मनात त्या मंगळवारी कुरुळीला जायचं मुळीच नव्हतं. पण माणूस वैतागला की पाय आपसूक वाट धरतात. दुपारचा दवाखाना उरकला, पिशवी खांद्याला लावली आणि भोसरीच्या नाक्यावर त्या चाकणच्या एसटीत चढल्या. काम एवढंसं. तिथल्या तानुबाईला गाठायचं आणि चार शब्द सुनवायचे. आजारी पोर दर मंगळवारी एकटी पिंपरीला धाडते, म्हणजे आईला काही काळजी आहे की नाही?

हा वैताग काही आजचा नव्हता. पिंपरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बाई रक्ताच्या कर्करोगावरचं नवं औषध तपासून बघत होत्या. आजारी पोरांना दर आठवड्याला सुई द्यायची, रक्त काढायचं, उतार पडतो का बघायचं. लागू पडलं तर ते औषध पुढं सगळ्याच पोरांना मिळणार, नाही पडलं तर बंद. पण त्याला पोरं यायला तर हवीत. कुणाची जत्रा आडवी यायची, कुणाच्या बापाची शिफ्ट बदलायची, कुणी मध्येच भगताकडं पळायचं.

"मग कागदावर अंगठा कशाला उठवलात?" बाई विचारायच्या.

"तुमी म्हनाला म्हून उठवला की," समोरचा म्हणायचा.

अशा बोलण्यावर काय बोलणार, कपाळ? शेवटी शालनबाई नर्स म्हणाली, "बाई, अंगठ्याला कोण भितंय? बेलभंडारा उचलायला लावा. खंडोबाची आण मोडायला इथला माणूस धजत नाही."

एवढी शिकलेली बाई, पण पार कावली होती. पुढच्या मंगळवारी टेबलावर पितळी ताट आलं. त्यात बेलाची पानं, वर हळद. एकेक आईबाप पुढं आले, बेलभंडारा उचलून येण्याची आण घेऊन गेले. तानुबाईची हौसा मध्येच घुसली. "मला बी." बाईंना हसू आलं. त्यांनी तिचा हात हातात धरला आणि दोघींनी मिळून तो उचलला.

"मी येनार," हौसा म्हणाली.

"आणि तू बरी होईस्तोवर मी औषध देणार," बाई म्हणाल्या. पोरासोरांशी बोलतो तसं बोलून गेल्या.

आण घेऊनही काहीजण गळालेच. हौसा मात्र चुकली नाही. सगळी गर्दी ओसरली, शालनबाईही पदर खोचून घरी गेली, की ती दारात उभी. न सांगता बाही वर करायची. हात गार असायचा, आणि खोलीतल्या फिनेलच्या वासातही तिच्या तळव्याला ओल्या हळदीचा वास यायचा. "आई कुठाय गं?" विचारलं की म्हणायची, "घरी." रक्त मात्र असं स्वच्छ, की बघत राहावं. बाईंची सगळी मदार त्या एका पोरीवर होती. तिच्या जोरावर औषध पास होणार होतं.

तर अशा रागात बाई कुरुळीत उतरल्या. तानुबाई अंगणात शेण्या थापत होती. ज्ञानदेव, तिचा नवरा, कंपनीतून नुकताच आलेला, पाय धूत होता. बाईंना बघून दोघंही जागच्या जागी थिजली.

"पोरीला एकटीला पाठवता? रस्त्यावर ट्रक केवढे धावतात, दिसत नाही का तुम्हाला?" बाईंनी तिथूनच सुरुवात केली.

ज्ञानदेवानं बायकोकडं पाहिलं. "कुटली पोरगी, डाक्टरबाई?"

"कुठली म्हणजे? हौसा."

तानुबाईचे शेणाचे हात तसेच राहिले. "हौसा तर गेली, बाई. दिवाळीच्या आधीच गेली."

आता तर शिमगा होऊन गेला होता. बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मग... कळवायचं नाही?"

"कसं कळवावं? बेलभंडारा उचलला हुता. आण मोडली आमच्याकडनं. तुमाला तोंड दावायची लाज वाटली."

बाईंच्या खांद्याच्या पिशवीत त्याच दुपारी काढलेली रक्ताची कुपी होती. ती त्यांनी पिशवीवरूनच चाचपली. पाणीही न घेता त्या परत निघाल्या.

रात्रभर त्यांना डोळा लागला नाही. हौसा आहे असं धरलं तर औषध पास. गेली असं धरलं तर सगळंच मातीत. पण खोटं लिहायला त्यांचा हात वळेना. सकाळी त्यांनी वरच्या साहेबांना सांगून टाकलं, मुलगी दिवाळीआधीच वारली. औषधाची तपासणी बंद झाली. ताट शालनबाई घेऊन गेली.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. बाई कपाटं आवरत होत्या. कंपनीचा भोंगा वाजून थांबला, आणि त्या शांततेत हळदीचा वास आला. दारात हौसा. बाही वर केलेली.

बाईंच्या तोंडून बाहेर पडला तो नेहमीचा वैतागच. "आता कशाला आलीस? बंद झालं ते."

"आन हाय ना."

"तुझी आण मीच घ्यायला लावली, मीच सोडवते. फिटली तुझी. जा बाळ, जा आता..."

पोर हलली नाही. "माझी फिटली. तुमची?"

"अगं, तुझं रक्त तर स्वच्छ आहे..."

"मग मी बरी कुटं झालेय?"

बाईंनी सुई उकळायला टाकली. पोरांना औषध द्यायचं ते उंची-वजनाच्या मापानं. आजवर घाईत हौसाचं जुनंच माप चालवून घेतलं होतं. आज दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी तिला वजनकाट्यावर उभी केली.

काटा जागचा हलला नाही.

मग भिंतीशी उभी केली. टाच टेकवली, डोक्यावर पट्टी धरली. औषध सुरू करताना श्रावणात केलेली तिच्या उंचीची पेन्सिलीची खूण भिंतीवर तशीच होती.

पोर त्या खुणेपेक्षा चांगली चार बोटं वाढली होती.