ध्रुव किती मुठी

नाशिकच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आता दोह्यात, अबू हमूरला मुलाकडे राहतो. शुक्रवारी संध्याकाळी कंपाउंडमधली मुलं माझ्याकडे जमतात. शिकवणी नव्हे, गप्पा. त्यांतली मोठी नुपूर ऑगस्टमध्ये नॉर्वेला, ट्रॉम्सोला शिकायला गेली. तिथे ध्रुवीय प्रकाश दिसतो म्हणून तिने ते गाव निवडलं, आणि ते वेड मी लावलं, असं तिची आई नमिता मला तोंडावर सांगते.

निघताना मी नुपूरला सूचना लिहून दिल्या होत्या. गावातल्या दिव्यांकडे पाठ कर. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मोबाइल बघू नकोस. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेव, थंडीत ती भराभर उतरते. हिरवट दिसलं की लगेच नाचू नकोस. त्यातून तारे दिसतात का बघ, ढगातून दिसत नाहीत. आणि आधी ध्रुवताऱ्याची उंची मोज. हात समोर ताठ धरला की एक मूठ म्हणजे दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जायचं. इथे उत्तर टोकाला, अल रुवैसच्या किनाऱ्यावर आम्ही सगळ्यांनी मोजला होता, अडीच मुठी. उत्तरेला जावं तसा तो वर चढतो, ट्रॉम्सोला जवळजवळ सात भरायला हवा.

एकटी जाऊ नकोस, हे लिहायचं राहिलं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथे पाचच वाजले होते, पण त्या दिवसांत तिकडे सूर्य उगवतच नाही. मुलं जमलेलीच होती, नमिताही आली होती. मी कॉल टीव्हीवर लावला. तिने मोबाइल तिपाईवर ठेवला होता. आम्हाला तिची पाठ दिसत होती, पुढे बर्फाचं मैदान, आणि त्यावर एक हिरवी कमान.

"सर, आला!"

"कुणाच्या तरी दुकानाची पाटी असेल," मयूर म्हणाला. तो नववीत आहे.

"गप रे माकडा. सर, त्यातून तारे दिसतायत. चेक केलं."

"बरोबर कोण आहे?" नमिताने विचारलं.

"कोणी नाही, आई. होस्टेलचं दार मागेच आहे. वीस पावलं."

नमिता माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकवा. अजून शिकवा."

"ध्रुव मोज," मी म्हणालो.

तिने मुठीवर मूठ चढवली. "सात, सर!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा मोज. एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं."

"सहा."

जाड हातमोज्याने मूठ मोठी होते. मी हातमोजे काढायला सांगितले. उघड्या मुठींनी आकडा वाढायला हवा होता.

"पाच."

"तारा चुकतोयस."

"नाही सर, तोच आहे. बाकीचे सगळे जागेवर आहेत."

ध्रुव हलत नाही, हे या मुलांना मीच शिकवलं होतं. आठ वर्षांची मधुरा टीव्ही सोडून माझं तोंड बघू लागली.

कमान आता कमान राहिली नव्हती. दोन्ही टोकांकडून ती आत ओढली जात होती, त्या एका ताऱ्याभोवती. असला प्रकाश वाहतो, विरतो. हा थांबला होता. अंगावर येण्याआधी कुत्रं थांबतं, तसा.

"सर," नुपूर हळू आवाजात म्हणाली, "मी मोजलं की तो खाली येतो."

"आणि नाही मोजलं तर?"

"थांबतो. वाट बघतो."

"नुपूर, आत हो," नमिता म्हणाली. "खलास. पुरे झालं."

मीही तेच म्हणायला हवं होतं. पण एकतीस वर्षांत असं काही मला कुणी दाखवलं नव्हतं.

"आणखी एकदाच मोज," मी म्हणालो.

नुपूरने ऐकलं. ती नेहमीच माझं ऐकायची.

"एक."

सगळं बर्फ हिरवं झालं. तिची सावली आमच्या दिशेने लांबत आली आणि टीव्हीची अर्धी काच काळी झाली.

"पळ!" नमिता ओरडली.

चित्र हेलपाटलं. बूट, पायरी, दार. दार धाडकन लागलं. मग ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, लांबच लांब रिकामा कॉरिडॉर आणि धापा टाकणारी नुपूर.

"आले, आई. आत आले."

नमिता टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. मयूर उगाचच हसला.

नुपूरने मोबाइल डाव्या हातात धरला होता. उजवा हात अजून समोर ताठ होता, मूठ आवळलेली, बंद दाराकडे रोखलेली.

"हात खाली घे गं," नमिता म्हणाली.

"घेतेय ना."

हात खाली आला नाही.

करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट, आणि फटीतून हिरवा उजेड बाहेर आला. नुपूर दातओठ खाऊन मूठ घट्ट मिटू पाहत होती.