फ्लूमाटचा शेवटचा फेरा

"कसिमीरला तुम्ही रोज बघता," म्हातारा ओस्वाल्ड शेगडीत लाकूड सारत म्हणाला. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर नव्याने लागलेली पोरं बाकांवर दाटीवाटीने बसली होती. बाहेर केव्हाच अंधार पडला होता. "त्याला यातलं काही विचारायचं नाही. मी सांगतो तेवढं ऐका."

जानेवारीचा शेवटचा शनिवार होता. कसिमीर नेहमीच्या कामाला लागला होता. लिफ्ट बंद झाली की सगळ्यांच्या मागून स्कीवर उतरायचं, प्रत्येक फाट्यावर थांबून हाळी द्यायची, "शेवटचा फेरा! खाली चला!" कुणी ओ दिली, तर तो माणूस समोरून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. मग वाटेवर आडवा दोर बांधायचा. दोर बांधला म्हणजे वर कुणी उरलं नाही. फ्लूमाट गावात या दोरावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

वरच्या खानावळीत त्याचा धाकटा भाऊ लेओ भांडी आवरत होता.

"चल रे, ढग उतरतायत."

"तू हो पुढे. तुझ्या त्या गाभण गाईच्या चालीनं उतरेपर्यंत मी तुला वाटेतच गाठतो."

"आई सूप करून बसलीय. उशीर केलास तर तुझ्या वाटचं मी पिणार."

"पी बाबा. तुझ्या पोटाला तळ कुठाय!"

दोघा भावांचं समोरासमोरचं हे शेवटचं बोलणं.

कड्याखालच्या फाट्यावर कसिमीर थांबला. धुकं असं, की हातातली काठी दिसेना. त्याने हाळी दिली. वरून लेओची ओ आली, "आलो!" जरा वेळाने एक जण त्याच्या अगदी जवळून सर्रकन खाली गेला. मान खाली घातलेली. हाक मारली तरी थांबला नाही. सूप दिसतंय लेकाला, असं म्हणत कसिमीर हसला. त्याने दोर बांधला आणि आईच्या घरी आला.

आई वाढायला उभी होती. "लेओ कुठाय?"

"माझ्या पुढं आला की."

"कुणी नाही आलं, पोरा."

अख्खं गाव बर्फात खुपसून बघायच्या लांब सळया घेऊन बाहेर पडलं. पण दोर बांधलेला होता. म्हणून सगळ्यांनी दोराच्या खालचाच उतार उकरला. रात्र त्यात गेली. वरचा भाग तपासायचं सुचलं, तोवर तिथे नवा बर्फ साचला होता.

"मग तो खाली गेला तो कोण?" एका पोराने विचारलं.

"ऐक म्हटलं ना."

वसंतात बर्फ वितळला. लेओ मिळाला नाही. आई पाद्रीबाबांना म्हणाली, "मयताची घंटा वाजवू नका. पुरायला काहीतरी आणून द्या, मग वाजवा." कसिमीरला ती एका शब्दाने बोलली नाही. तेच त्याला खात होतं. तो रोज कड्याखाली जायचा आणि हात हलवत परत यायचा.

उन्हाळा आला. लिफ्टखाली गाई चरायला लागल्या. जुलैची चोवीस तारीख, संत याकोबाच्या सणाची आदली रात्र. सकाळी आईच्या कुरणातलं गवत कापायचं होतं, म्हणून कसिमीर तिच्याकडे झोपायला आला. खिडकी उघडी होती. उतारावर गाईंच्या घंटा किणकिणत होत्या.

घंटा थांबल्या.

सगळ्या. एकदम.

मग वरून आवाज आला. बर्फावर स्की घासते, तसा. सर्र... सर्र...

पाठोपाठ हाळी. "शेवटचा फेरा...!"

आवाज कसिमीरचाच होता. आणि कसिमीर तर पलंगावर बसलेला. तोंड घट्ट मिटून.

पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, "कसिमीर... तू ओरडलास?"

तो उठून दाराकडे निघाला.

वरून ओ आली. "आलो!"

लेओ.

आई अनवाणी दाराकडे धावली. कसिमीर आडवा आला. "आई, नको..."

"सरक. पोर थंडीत उभंय माझं."

तिने कडी काढली.

बाहेर कुणीच नव्हतं. फक्त गारठा आत आला. जानेवारीतला.

उजाडल्यावर दिसलं ते असं. कुरणातल्या कमरेएवढ्या गवतात स्कीच्या रेघा उमटल्या होत्या, कड्यापासून थेट आईच्या उंबऱ्यापर्यंत. माणसं त्या रेघा धरून वर गेली. फाट्याच्या वर, हाकेच्या अंतरावर, खडकात एक फट आहे. तिथला बर्फ उशिरा वितळतो. लेओ तिथे होता. पाय मोडलेला. तोंड दोराच्या दिशेने.

त्या दिवशी घंटा वाजली. दफन करून आल्यावर आईने कसिमीरपुढे ताट ठेवलं. "आला ना तो. जेव आता," एवढंच म्हणाली. तो हमसून हमसून रडला.

ओस्वाल्डने शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.

"संपलं?" एकाने हळूच विचारलं.

"रेघा बघायला मीही गेलो होतो त्या सकाळी," ओस्वाल्ड म्हणाला. "दोन नव्हत्या रे. चार होत्या. दोघं जण शेजारी शेजारी उतरावेत, तशा. दोन आईच्या दाराशी थांबल्या..."

"आणि बाकीच्या?"

"त्या वळल्याच नाहीत. धुक्यातला तो जसा न थांबता गेला, तशाच खाली गेल्या. गावात. जिथे गवत संपतं, तिथपर्यंत दिसत होत्या... पुढे दगडी रस्ता लागतो."