शिडीपाशी थांबलेली पावलं

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला पटो न पटो, पण भागीरथीअक्का खोटं बोलणाऱ्यातली नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. अळणावरजवळचं खेडं, दिवेलागणीची वेळ.

समुद्र इथून घाटापलीकडे. तरी तिकडे वादळ उठलं की इकडे पत्रे उडतात. तौक्ते आलं त्या वर्षी मोबाईलवर इशारा आला आणि अक्काचा नवरा गोपाळ पत्र्यांवर धोंडे ठेवायला शिडीवरून चढला. शेवटचा धोंडा खांद्यावर होता...

तेवढ्यात वाऱ्याने पत्रा उचलला.

गोपाळ पत्र्यासकट खाली आला तो गेलाच.

पुढे बिपरजॉयचा इशारा आला. वारा सुटायच्या आधीच छपरावर आवाज झाला...

धप्प.

मग जरा पुढे, आणखी एक.

सकाळी परसातले धोंडे पत्र्यांवर ओळीने बसले होते, अगदी गोपाळ ठेवायचा तसे. अक्का घाबरली नाही, रडली मात्र पोटभर. त्यानंतर इशारा आला की ती दोन ताटं वाढायची. सगळं गाव वादळाला भ्यायचं आणि ही बाई त्याची वाट बघायची.

मुलगा विशाल अमरगोळच्या मार्केट यार्डात कामाला. आवाजाचं ऐकून तो म्हणाला, माकडं असतील. पण आईला त्या पत्र्यांखाली एकटं ठेवणं त्याच्या जिवावर यायचं. त्याने हौसेने स्लॅब टाकला. पत्रे आणि लोखंडी शिडी भंगारात गेली, धोंडे नव्या ओट्याच्या भरावात.  अक्का पोराला सांगणार तरी काय?

आणि गेल्या वर्षी मे महिन्यात इशारा आला.

विशालने फोन करून निवांत झोपायला सांगितलं. लाईट गेली. अक्का वर कान लावून बसली.

छपरावर काहीच नाही...

मग परसात पाऊल वाजलं. चिखलात रुतणारं, ओझं घेतलेल्या माणसाचं. भिंतीकडेने आलं आणि थांबलं... जिथे शिडी असायची, तिथेच.

भिंतीवर हात चाचपडला.

पाऊल घराला वळसा घालून पुन्हा तिथेच आलं. पुन्हा थांबलं. पुन्हा निघालं. पाऊस कोसळत होता आणि बाहेर कुणाला तरी धाप लागली होती.

 अक्काने दार उघडलं. समोर नुसता काळोख.

"अवो, आत या की," ती म्हणाली. "पत्रे न्हाईत आता, उडायचं काय न्हाई. झालं तुमचं काम."

धाप थांबली.

उंबऱ्याशी काहीतरी टेकलं... अगदी हळू.

सकाळी तिथे एक धोंडा होता. परसात तर एकही उरला नव्हता. तो कुठून आला, हे विशाललाही सांगता येत नाही. माकडांचं नाव मात्र तो आता काढत नाही.

पुढच्या वादळाला अक्काने शेजारची शिडी मागून आणून भिंतीला लावली. ताट वाढलं. रात्रभर वारा तेवढा ऐकू आला.

"मीच बोलले न्हवं," ती विशालला म्हणाली, "काम झालं म्हणून."

अजूनही इशारा आला की ती तो धोंडा उचलून शिडीच्या पायाशी नेऊन ठेवते आणि दार उघडं टाकून बसते.

सकाळी धोंडा तिथेच असतो.