उसाच्या तुऱ्याची नक्षी

"ओ... ती चादर खाली ठेवा आधी!"

मंगळवारच्या बाजारात, भर गर्दीत एखादी मुलगी अनोळखी माणसाला असं दरडावते, तेव्हा चार माना वळणारच. वळल्याच. पण रुद्राणीला त्यांची कसली फिकीर! श्रावणातली भुरभुर चालू होती, ताडपत्रीखाली एक उंच तरुण उभा होता, त्याच्या हातात चादर होती आणि चादरीवर करडईची फुलं होती. काटेरी पानं, मधोमध केशरी झुबका. ती फुलं तिची होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत, डोळे दुखेपर्यंत तिनंच काढली होती ती.

"तुम्हाला हवी आहे का?" तो म्हणाला. "घ्या ना. मी दुसरी बघतो."

"हवी कशाला? माझीच हाय ती."

त्यानं चादरीकडं बघितलं, दुकानदाराकडं बघितलं, मग तिच्याकडं... जरा जास्तच वेळ. "चोरीला गेली होती?"

"चादर न्हाय. नक्षी गेली चोरीला."

तो हसला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. बाई माणूस नक्षीबद्दल भांडायला लागली की लोक हसतात, हे रुद्राणीला सवयीनं ठाऊक होतं. पण हा बाबा हसला नाही. उलट त्याच्या कपाळाला आठी पडली आणि त्यानं विचारलं, "नोंदणी केली होती का नक्षीची?"

"असली बी नोंदणी असते व्हय?"

"असते की!"

त्या 'की'वरून तिला कळलं, की शर्ट पुण्याचा असला तरी माणूस आपल्याकडचाच आहे. अक्कलकोटकडचा निघाला. नाव भीमाशंकर. पुण्यात वकिली शिकून वर्षभरापूर्वी परत आलेला. एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली व्यापाऱ्यांचे करार, मालाचे छाप, नक्षीचे हक्क, असली कामं बघायचा. एवढं सांगून त्यानं चादरीची घडी केली आणि दुकानदाराच्या पुढ्यात परत ठेवली.

"आता ही घेणं बरं नाही," तो म्हणाला.

"मग थंडीत पांघराल काय?"

"तुम्ही विणाल ते."

बोलून गेला खरा, पण स्वतःच कानापर्यंत लाल झाला बिचारा. रुद्राणीनं पदर डोक्यावर ओढला आणि तरातरा निघाली. कोपऱ्यावर मात्र तिनं वळून बघितलंच... आणि तो तिथंच उभा होता, भिजत.

भवानी पेठेत रुद्राणीच्या वडिलांचे, चनबसप्पांचे चार माग. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा मागांच्या खडखडाटातच ती वाढली. नक्षी ती काढायची, अप्पा तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडून मागावर चढवायचे. करडईची चादर संक्रांतीला निघाली आणि मुंबईचे एक शेठ त्या चादरीवर खूश झाले. पण आषाढ येईतो निम्म्या बाजारात तीच फुलं दिसायला लागली. सूत कच्चं, रंग पहिल्या धुण्यात जाणारा, पण नक्षी तीच. शेठनं निरोप धाडला, जे गल्लोगल्ली मिळतंय ते तुमच्याकडून का घेऊ? दोन माग बंद पडले. पुढची नक्षीही अशीच गेली असती, तर उरलेले दोन विकण्यावाचून इलाज नव्हता. चादर विणण्यापलीकडं अप्पांना दुसरं काही येतही नव्हतं.

म्हणून आठवड्याभरात ती अप्पांना घेऊन त्या वकिलांच्या ऑफिसात गेली. अप्पा कपाळाला विभूती लावून, स्वच्छ धोतर नेसून आले होते.

"ही चादर पहिल्यांदा कुणाला दाखवलीत?" भीमाशंकरनं विचारलं.

"सगळ्या गावाला!" अप्पांची छाती फुगली. त्यांच्या घरची चालच तशी होती. नव्या नक्षीची पहिली चादर विकायची नाही. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्या मिरवत निघतात, त्या वाटेवर मावशीच्या ओट्यावर ती टांगायची. आधी देवानं बघायची, मग गिऱ्हाइकानं.

भीमाशंकरनं लेखणी खाली ठेवली. "मालक, कायदा म्हणतो, नक्षी नवी पाहिजे. अर्ज करायच्या आधीच ती चारचौघांपुढं आली, तर ती नवी राहत नाही. मग कुणीही उचलावी. करडईची नक्षी गेली. तिच्यासाठी मला काही करता येणार नाही."

"म्हंजे देवाला दाखवली ही आमची चूक?"

"देवाला नाही. गावाला, आणि अर्जाच्या आधी."

"ऊठ गं," अप्पा म्हणाले, आणि जिना उतरायला लागले सुद्धा.

रुद्राणी मागं रेंगाळली. तिला संताप आला होता. "म्हातारा माणूस आशेनं आला होता. जरा गोड बोलता येत न्हाय तुमाला?"

"येतं की," तो हळूच म्हणाला. "पण वकील गोड बोलला की पक्षकार बुडतो. तुमच्याशी गोड बोलायची वेळ... निराळी असेल."

काय म्हणावं या माणसाला! ती धाडधाड जिना उतरली. पण खाली पोचेपर्यंत तिचा राग कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

कार्तिकात ती चुलतीकडं अकलूजला गेली, तेव्हा उसाला तुरे आले होते. वाऱ्यावर सगळं रान रुपेरी डुलत होतं. बांधावर बसून तिनं कागद काढला, आणि दोन दिवस जेवणाखाण्याचं भान राहिलं नाही तिला. अशी नक्षी तिच्या हातून आजवर उतरली नव्हती, हे तिचं तिलाच उमगलं. अप्पांनी कागद बघितला आणि बराच वेळ नुसतं त्याच्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी मागाच्या खोलीला आतून कडी घातली, कारागिरांना दुसऱ्या कामाला लावलं, आणि बापलेकीनं मिळून चादर विणायला घेतली.

न दाखवता, नुसतं 'नवी नक्षी येतेय' एवढं कळवल्यावर शेठ करार करायला तयार झाले, पण एका अटीवर. नक्षी सरकारात नोंदलेली पाहिजे. त्यांनी धाडलेला कागद घेऊन रुद्राणी ऑफिसात गेली. एकदा गेली, मग शंका विचारायला पुन्हा गेली. शंका काय, मनात आणल्या तर रोज निघतात!

"करार वाचताना चांगले दिवस डोळ्यांपुढं आणायचे नाहीत," भीमाशंकर तिला सांगायचा. "शेठशी भांडण झालंय असं समजून वाचायचं. आता हे कलम बघा. 'यापुढे काढलेली प्रत्येक नक्षी शेठच्या मालकीची.' म्हणजे तुम्ही म्हाताऱ्या झालात तरी तुमचा हात त्यांच्याकडं गहाण. हे काढायला लावा. माल फक्त त्यांना द्यायचा असेल, तर किती काळ आणि कुठल्या गावांत, ते लिहून घ्या."

"आन सगळं जग असंच वाचता का तुमी? भांडण झालंय म्हणून?"

"सवय लागलीय."

"मग तुमच्या घरात येणाऱ्या पोरीचं अवघडच हाय की."

"तिच्याशी आधीच थोडं भांडून घेतलंय," तो कागदात डोकं घालून म्हणाला. "बाजारात. श्रावणात."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि रुद्राणीला वाटलं, हा कागद संपूच नये. आपण या माणसात पुरत्या गुंतलोय, हे तिनं त्या दुपारी मनाशी कबूल करून टाकलं.

पण अप्पा अडले. चादर तयार झाली, अर्ज नक्षीची नोंदणी होते त्या कलकत्त्याच्या कचेरीत जायचा होता, आणि अप्पा म्हणाले, "देवानं बघायच्या आधी परक्या कचेरीनं बघायची? जमायचं न्हाय. माझ्या बापानं असलं केलं न्हाय. संक्रांत होऊ दे, मग काय ते करा."

संक्रांतीला टांगली की संपलंच. रुद्राणी रडली, भांडली, अबोला धरून बघितला. अप्पा हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. दोन माग बंद पडले, ते देवाचं काही चुकलं म्हणून, असं त्यांनी मनात घेतलं होतं. पक्षकार तयार नसताना वकील काय करणार? भीमाशंकरनं अर्ज लिहून तसाच ठेवला.

एके सकाळी अप्पा पूजेला बसले होते. आंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून, डाव्या तळहातावर घेऊन. ही पूजा रुद्राणी जन्मापासून बघत आली होती. त्या दिवशी मात्र ती बघतच राहिली. मग उठली, दार लावून घेतलं, चादर आणली आणि अप्पांपुढं जमिनीवर पसरली.

"अप्पा, मिरवणुकीची वाट कशाला बघायची? देव तर तुमच्या हातावर बसलाय की. त्याला दाखवा. आत्ता, सगळ्यांच्या आधी. मग कागद जाऊ दे कलकत्त्याला, आन संक्रांतीला टांगा खुशाल."

तळहात तसाच धरून अप्पा चादरीकडं बघत राहिले. उन्हाचा पट्टा खिडकीतून तुऱ्यांवर पडला होता. हळूहळू त्यांनी हात पुढं केला, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, देवाला सगळी नक्षी नीट दिसावी म्हणून.

"जन्मभर हातावर घेऊन बसतोय," ते म्हणाले, "आन हे मला सुचलं न्हाय, रुद्रव्वा."

त्याच दिवशी भीमाशंकर अर्ज घेऊन घरी आला. अप्पांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"नक्षीचा मालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"आमच्या दुकानाचं घाला."

"काढली कुणी?"

"हिनं."

"मग कायद्यानं मालक त्या. त्यांनी तुम्हाला लिहून दिल्याशिवाय ती दुकानाची होत नाही."

अप्पा रुद्राणीकडं बघायला लागले. लेक म्हणजे उद्या दुसऱ्या घरी जाणारी. भाऊबंद काय म्हणतील, हेही त्यांच्या मनात आलं असणार. रुद्राणीचा जीव टांगणीला लागला. आजवर तिनं काढलेलं सगळं अप्पांच्या नावानं विकलं गेलं होतं, आणि तिनं कधी तक्रार केली नव्हती. पण हे तुरे तिला हवे होते. फार हवे होते.

"तिचंच घाला," अप्पा शेवटी म्हणाले. "खोटं कशाला लिवायचं? पण मग उद्या हिच्या सासरचे म्हणाले, की नक्षी आमची, तुमी विणू नका... तर?"

"तर आधीच करार करायचा. रुद्राणींनी तुम्हाला विणायचा परवाना द्यायचा. त्यांचं लग्न कुठंही झालं, तरी नवऱ्याचा या नक्षीवर हक्क नाही. चादर याच घरात विणली जाणार."

"झ्याक! लिवा मग. आत्ताच लिवा."

भीमाशंकरनं अर्जाचे कागद नीट लावले. मग पुन्हा तेच लावत बसला.

"हा करार मला लिहिता येणार नाही, मालक."

"का वो?" अप्पांचा आवाज चढला.

"ज्यात वकिलाचा स्वतःचा स्वार्थ आहे, तो करार त्यानं लिहायचा नसतो."

"तुमचा कसला स्वार्थ आलाय ह्यात?"

त्यानं रुद्राणीकडं बघितलं. पहिल्या दिवसासारखंच... जरा जास्त वेळ. तिनं मान खाली घातली नाही.

"त्या कलमात जो नवरा येतो ना," तो म्हणाला, आणि एरवी कलमांवर कलमं घडाघडा बोलणारा तो माणूस अडखळला, "तो... तुम्ही दोघं हो म्हणालात तर... मला व्हायचंय. म्हणून ते दुसऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. कडक लिहायला सांगा. माझ्यापासूनच सांभाळायचंय असं समजून."

अप्पा लेकीकडं वळले.

"तुझं काय?"

"मला पसंत हाईत, अप्पा." एवढंच बोलायला तिला केवढं बळ एकवटावं लागलं! पण बोलली ती, स्पष्ट. "मला हेच पाहिजेत."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागदावरचं लेकीचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"नक्षी ह्याच घरात ऱ्हाणार, असं कलम लिवता येतं," ते म्हणाले. "पोरगी ह्याच घरात ऱ्हाणार, असं कलम असतंय का वो कुठं?"

भीमाशंकरला खोटं बोलता आलं नाही. "नाही, अप्पा," तो म्हणाला.

रुद्राणी खाली बसली आणि तिनं अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आता तिचं रडू तिला आवरेना. अप्पांचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

"मग बघा दुसरा वकील," ते भीमाशंकरला म्हणाले. "पर चांगला बघा, जावईबापू. माझ्या पोरीचं काम हाय."