बंदुकीआधीची विचारपूस

खंडेनवमीच्या सकाळी योगिनी आणि तिची चुलती सारजा हळदकुंकवाचे ताट घेऊन इंदापूरच्या पोलीस ठाण्यात शिरल्या, तेव्हा बाकावर बसलेल्या एका तरुणाने उठून त्यांना जागा दिली. सारजाकाकूने त्याचा चष्मा पाहिला, कडक इस्त्री पाहिली आणि ताट सरळ त्याच्याच हातात ठेवले.

"सायेब, आमची बंदूक तेवढी भाईर काढा. पूजा करायची हाय."

"कोणती बंदूक?"

"तात्याबा भावजींची, हिच्या आबांची. त्ये गेलं तवापस्नं हितंच जमा हाय. मेंढरं होती तवापासून दर नवमीला तिला कुंकू लागतंय. औंदा खंड कसा पडू द्यायचा?"

हवालदार मोहनराव हसू दाबत पुढे आले. "मावशी, ते साहेब न्हाईत. बारामतीच्या कॉलेजात कायदा शिकवतात. बंदूक कुलपात हाय, पण आमच्या शस्त्रांची पूजा मांडलीय. तुमची बंदूक हाय त्या कपाटालाबी कुंकू लावतो."

योगिनीची मान खाली गेली. तरुण मात्र ताट दोन्ही हातांनी सावरून तसाच उभा होता. "काकू, निरांजन विझत नाही ना, तेवढं बघा," तो म्हणाला.

त्याचे नाव मिहिर. पूजा होईपर्यंत बाहेरच्या टपरीवर चहा झाला आणि चहाबरोबर त्याच्या कामाची माहितीही. कोणता देश कुणाच्या हाती बंदूक देतो आणि त्यातून किती माणसे मरतात, याची तुलना तो करीत होता. वारसाने परवाना मागितल्याचे प्रकरण त्याला हवेच होते.

"जपानात असता, तर आधी वर्गात बसावं लागलं असतं," तो म्हणाला. "मग लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरांचा दाखला. शिवाय पोलिसांनी तुमच्या माणसांना विचारलं असतं... बाई कशा आहेत?"

"सारजाकाकूंना विचारलं, तर मी नापासच."

"कॅनडात जोडीदाराची सही मागतात. ती नसली, तर त्याला कळवतात."

"आणि जोडीदारच नसला तर?"

तो क्षणभर घुटमळला. "तर... रकाना मोकळा राहतो."

"म्हणजे तिकडं माझं काम लवकर होईल," ती हसली. ते हसू चहाच्या आधीच निवले.

योगिनी दूध संघात दुधाची तपासणी करी. आई ती लहान असतानाच गेली होती. वडिलांना जाऊन वर्ष होत आले होते. काकूची वस्ती ओढ्यापलीकडे होती. संध्याकाळी स्कूटर लावून योगिनी सवयीने उंबऱ्यातच म्हणे, "आले मी." मग आतून काहीच उत्तर येत नसे, आणि ती टीव्ही मोठ्याने लावी. बंदूक परवान्यासह परत घ्यायची की कायमची सोडून द्यायची, हे महिनाअखेरपर्यंत ठरवायचे होते. ती घेणार होती. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच कारण सांगे, उसातला बिबट्या.

पुढच्या रविवारी मिहिरचे काही प्रश्न राहिले होते. त्याच्या पुढच्या रविवारीही राहिले. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी मासे खाताना त्याने वही उघडलीसुद्धा नाही, तेव्हा ती म्हणाली, "सर, आज परीक्षा नाही वाटतं?"

"आज तुम्ही विचारा."

"कायदा कडक केला, की माणसं वाचतात?"

"पुष्कळदा. ऑस्ट्रेलियात एका हत्याकांडानंतर सरकारनं लाखो बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या. तिथं स्वसंरक्षण हे कारण चालतच नाही. स्वित्झर्लंडात मात्र पुष्कळ घरांत बंदुका आहेत, तरी अमेरिकेइतकी माणसं मरत नाहीत."

"आणि अमेरिकेत कोण कुणाला मारतं एवढं?"

मिहिरने काटा काढलेला माशाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला. पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "निम्म्याहून जास्त लोक... स्वतःलाच."

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"अविराज म्हणून माझा मित्र होता. वडगाव निंबाळकरचा. अमेरिकेत शिकायला गेलो, तेव्हा एकाच घरात राहायचो. गल्लीत चोऱ्या होतात म्हणून त्यानं बंदूक घेतली. दुकानातल्या संगणकावर नाव तपासलं, झालं. चोर कधी आलाच नाही. हिवाळा आला. तो बोलेनासा झाला..." त्याने चष्मा पुसला. "तू बरा आहेस का, एवढं विचारायला त्या कायद्यात माणूसच नव्हता."

तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. मग तो हळू म्हणाला, "योगिनी, बिबट्या खरा आहे ना?"

"खरा आहे." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "पण बंदूक त्याच्यासाठी नको आहे. आबा बाहेरगावी गेले, तरी ती भिंतीवर असली, की ते घरात आहेत असं वाटायचं. रिकाम्या घराला... तेवढाच सोबती."

"म्हणूनच मला भीती वाटते."

"कशाची?"

"तुमच्यासाठी." आणि तेवढ्याच सावकाश त्याने दुसरी गोष्ट सांगितली. अभ्यासासाठी त्याला वर्षभर कॅनडाला जायचे होते. गुरुवारी.

तिला राग आला. भीती वाटते म्हणणारा माणूस गुरुवारी निघून जातो, हे कुठल्या देशाच्या कायद्यात बसते? तो तिला घरी सोडायला आला, तरी ती रागातच होती. उंबऱ्याशी मात्र तिने मागे न वळता विचारले, "तिकडून रोज विचाराल?"

"काय?"

"जे अविराजला कुणी विचारलं नाही."

"रोज," तो म्हणाला. "परत येईपर्यंत. आणि आल्यावर... इथं बसून."

बुधवारी ती एकटीच ठाण्यात गेली. मोहनरावांनी कागद पुढे सरकवला. "कायमची सोडताय? वडिलांची हाय, पुन्यांदा विचार करा."

"केलाय," ती म्हणाली आणि तिने सही केली. बाहेर येऊन ती टपरीवर एकटीच चहा प्यायली.

काकू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तीच मुळी कुरकुरत. "बंदूक दिलीस, प्वारगा इमानात बसवलास. आता घरात काय ऱ्हायलं, योगे?"

योगिनीने भिंतीकडे पाहिले. बंदुकीच्या दोन्ही खुंट्या मोकळ्या होत्या. काकू गेली, तिन्हीसांज झाली, उसातून गार वारे येऊ लागले. फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"कशा आहात?" मिहिरने विचारले.

'बरी' हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. वर्षभर तिने तो साऱ्यांना दिला होता.

"आज बरी नाही," ती म्हणाली. "आज घर फार मोठं वाटतंय. आणि... तुमची आठवण येतेय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसलोय," तो म्हणाला. "सांगा."